पायरीवरच्या चपला

"अरे, जोरात मार! तू होडी फुगवतोयस की तिला वारा घालतोयस?" दोरा ओरडली.

"मग ये ना तू! पंप कशाला हवा, तोंडानेच फुगव! तुझ्या तोंडात हवा काही कमी नाही!" बियाजोने पायपंपावर धपाधप उड्या मारत उत्तर दिलं.

रबरी होडी अजून वाळत घातलेल्या चादरीसारखी पडली होती. प्रोचिदा बेटाच्या धक्क्यापलीकडच्या छोट्या पुळणीवर तिघांचा बेत शिजत होता. कड्याखालच्या गुहेत होडी घालायची, आणि दोराला तिथे दिसलेला तो भला मोठा ऑक्टोपस खरोखर आहे की दोराच्या डोक्यातलाच आहे, याचा निकाल लावायचा. ऑगस्टची सुट्टी अर्धी सरली होती. आणखी लांबवण्यात अर्थ नव्हता.

इम्मा वल्ही धरून बसली होती खरी, पण तिचं लक्ष धक्क्याकडे होतं. आईने सकाळी हॉटेलच्या मुदपाकखान्यात कामाला जाताना बजावलं होतं, "आज नोन्नोंजवळ बस. मी दुपारी येतेच." नोन्नो म्हणजे आजोबा, इम्माच्या आईचे वडील, अगोस्तीनो. गेल्या हिवाळ्यापासून त्यांना गोष्टी आठवेनाशा झाल्या होत्या. आधी चष्मा, मग वार, मग माणसं. इम्माने त्यांचा हात धरून त्यांना धक्क्यावरच्या कॉफीच्या दुकानात आणलं होतं आणि रोक्कोमामाच्या शेजारच्या खुर्चीत बसवलं होतं.

"जा गं तू," मामा म्हणाला होता. "मी आहे ना! माझे वडील आहेत ते. मी काय त्यांना समुद्रात टाकणार आहे?"

मासेमारीहून नुकताच परतलेला मामा तेव्हा चार मित्रांशी फुटबॉलवरून भांडत होता. इम्मा जराशी घुटमळली होती. मग गेली होती.

"इम्मा!"

मामाचाच आवाज! तो पुळणीवर धावत येत होता. चेहरा पांढराफटक, सदऱ्याची बटणं उघडी.

"नोन्नो इकडे आलेत का? तुझ्याकडे?"

इम्माच्या हातातलं वल्हं खाली पडलं. "माझ्याकडे? तुझ्याकडे होते ना!"

"मी फक्त पाठ वळवली होती गं! जराशीच!"

दोराने पंपाची नळी काढली. होडी सूंऽऽ करत पुन्हा सपाट झाली. कुणी हसलं नाही.

धक्क्यावर गर्दी जमली होती. पाण्यात उतरणाऱ्या दगडी पायऱ्या होत्या, त्यांच्या सर्वांत वरच्या पायरीवर नोन्नोंच्या तपकिरी चपला होत्या. पुढे नुसतं पाणी. हिरवं, खोल.

"पाय घसरला असणार," कुणीतरी हळूच म्हणालं.

"नाहीतर घर समजून सरळ चालत गेले असतील," दुसरं कुणी. "बिचारे!"

बंदरावरच्या अधिकाऱ्यांनी सगळ्या होड्यांना हाक दिली. बघता बघता मासेमारांच्या होड्या धडधडत बाहेर पडल्या. पाणबुडे चष्मे चढवून उतरू लागले. रोक्कोमामा आपल्या होडीत उडी मारून वल्ह्याने पाणी असं ढवळू लागला, की जणू समुद्रच त्याचा गुन्हेगार होता.

इम्मा चपलांकडे बघत उभी राहिली. मी गेले नसते तर. फक्त एवढंच तिच्या डोक्यात फिरत होतं. मी गेले नसते तर.

"इम्मा," बियाजो तिच्या कानाशी येऊन पुटपुटला, "बुडणारा माणूस चपला अशा काढतो?"

तिने पुन्हा नीट पाहिलं. चपला एकमेकींना लागून होत्या. टाचा धक्क्याकडे, अंगठे पाण्याकडे. दाराबाहेर ठेवाव्या तशा, जपून.

"इथे तर मामाचे रबरी बूट होते," दोरा म्हणाली. "सकाळी मीच त्यांना अडखळून पडले! वाळत घातले होते ना त्याने!"

"बरोबर! मग बूट कुठायत?"

इम्मा पायऱ्यांच्या टोकाशी धावली. "मामा! मामा, तुझे बूट कुठे गेले?"

"बूट घाल चुलीत!" मामा होडीतून ओरडला. त्याचा आवाज फाटला होता. "माझे वडील बुडालेत आणि तू बूट विचारतेस?"

मग ती अधिकाऱ्यांकडे गेली. जाड मिश्यांचे ते गृहस्थ एका कानाला फोन आणि दुसऱ्याला बिनतारी यंत्र लावून उभे होते.

"साहेब, नोन्नोंनी चपला काढून बूट घातलेत. म्हणजे ते पाण्यात नाही गेले. कामावर गेलेत! ते खलाशी होते, फेरीबोटीवर. ते सकाळच्या बोटीवर चढले असतील!"

"बाळ, बोटीला फोन केला मी. मघाचीच बोट, आता समोरच्या किनाऱ्यावरून, पोझ्झुओलीहून परत निघालीये. हरवलेला, गोंधळलेला म्हातारा पाहिलात का, असं विचारलं. तिकीट देणाऱ्यालाही विचारलं. कुणीही पाहिलेला नाही." त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "तू घरी जा. कुणी मोठं आहे का घरी?"

"मोठी माणसं तर सगळी इथेच आहेत," बियाजो पुटपुटला. "आणि काय उजेड पाडतायत ते दिसतंयच!"

"श्श!" दोराने त्याला कोपराने ढोसलं. पण इम्माला जरा धीर आला. रागामुळे भीती थोडी कमी होते, हे तिला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

फेरीबोट आली. भोंगा वाजला, साखळ्या करकरल्या, रॅम्प दगडावर आदळला. गाड्या भराभर बाहेर पडू लागल्या. त्यात सर्वांत शेवटी होता लिंबांच्या रिकाम्या टोपल्यांनी भरलेला तीनचाकी टेम्पो आणि त्यात सर्वांना ठाऊक असलेली फिलोमेनामावशी. तिच्या टेम्पोपेक्षा तिचा आवाज मोठा होता.

"बाजूला व्हा रे कार्ट्यांनो! चाकाखाली याल आणि मग माझ्या नावाने रडाल!"

"मावशी, थांबा! तुम्ही सकाळच्या बोटीने गेलात ना?"

"नाही, उडत गेले! का गं?"

"बोटीवर कुणी हरवलेला म्हातारा..." दोराने सुरुवात केली.

"तो मिशीवाला पण फोनवर तेच विचारत होता म्हणे. नाही पाहिला! कुणी हरवलेलं नव्हतं तिथे!"

दोराने खांदे पाडले. पण इम्माने टेम्पोचं दार घट्ट धरलं. या बोटीवर गाड्या उलट्या चढवाव्या लागतात, पाठ आधी आणि तोंड मागून, म्हणजे पलीकडे पटकन उतरता येतं. रॅम्पवर एक खलाशी उभा राहून ओरडत असतो: ये, ये, अजून ये, डावीकडे मार! तो नसेल तर निम्म्या गाड्या समुद्रात जातील.

"मावशी," इम्माने सावकाश विचारलं, "सकाळी तुमचा टेम्पो उलटा कुणी घेतला? रॅम्पवर कोण ओरडत होतं?"

"कोण म्हणजे? तुझे नोन्नो!" फिलोमेना म्हणाली. "अगं, काय सुंदर घेतला! एका दमात! नाहीतर हा नेल्लो, हात असे हलवतो की वाटतं माश्या मारतोय. वर मला दरडावून म्हणाले, 'फिलोमेना, आरसा दुमड, दर वेळी सांगायचं का?' मला तर बाई बरं वाटलं! म्हटलं, ऑगस्टची गर्दी, म्हणून बोलावलं असेल पुन्हा."

"मग तुम्ही सांगितलं का नाहीत?" बियाजो जवळजवळ किंचाळला. "अख्खं बेट पाण्यात बुड्या मारतंय!"

"मला विचारलं, हरवलेला माणूस पाहिलात का! अगोस्तीनो कुठे हरवले होते? ते कामावर होते!" असं म्हणतानाच तिचं लक्ष धक्क्यावरच्या गर्दीकडे गेलं. मग पायरीवरच्या चपलांकडे. तिने टेम्पोचं इंजिन बंद केलं. "अरे देवा. ते... ते त्यांना शोधतायत?"

म्हणजे अख्ख्या बोटीने नोन्नोंना पाहिलं होतं. कुणी हात केला असेल, कुणी "कसे आहात, अगोस्तीनोकाका?" म्हटलं असेल. आणि एकालाही विचारावंसं वाटलं नव्हतं, काका, तुमच्याबरोबर कोण आहे?

"पण नेल्लोची जागा होती ती," दोरा म्हणाली. "तो कुठे होता?"

नेल्लो रॅम्पपाशी दोर गुंडाळत होता. विशीतला, केसांना तेल चोपडलेला, नेहमी गाणं गुणगुणणारा. आज गुणगुणत नव्हता. बाकी सगळे खलाशी नारिंगी जाकिटात होते. नेल्लोच्या अंगात नुसती बनियन होती.

"नेल्लो, माझे नोन्नो तुमच्या बोटीवर होते," इम्मा म्हणाली.

नेल्लोचा हात थांबला. "हो का? असतील. गर्दी होती. असतील तर आले असतील ना परत. इथेच उतरले असतील."

"तू पाहिलंस उतरताना?"

"हो. म्हणजे... हो, पाहिलं वाटतं."

"तुझं जाकीट कुठाय?"

"धुवायला टाकलंय! आता जा बरं, मला कामं आहेत."

तिघं लोखंडी खांबाआड गेली. "खोटं बोलतोय," दोरा कुजबुजली. "त्याचे कान बघा, टोमॅटो झालेत!"

"आणि हे साहेबांना सांगितलं तर ते म्हणतील, बोटीतून इथेच उतरले आणि मग पाण्यात पडले. शोध चालूच राहील. इथेच!" इम्मा म्हणाली.

बियाजोने डोकं खाजवलं. मग त्याचे डोळे चमकले. "मला बोलू दे. तुम्ही दोघी फक्त खूश दिसा."

"खूश? आत्ता?"

"प्रयत्न करा!"

तो धावतच परत गेला. "नेल्लो! नेल्लो, सापडले! नोन्नो सापडले! कॉफीच्या दुकानात बसलेत, मजेत!"

नेल्लोच्या हातातला दोर गळून पडला. त्याने दोन्ही हातांनी चेहरा झाकला. "सापडले? खरंच? देवा, तुझे उपकार! मला वाटलं, ते पोझ्झुओलीतच राहिले..."

त्याने हात खाली घेतले. बियाजो हसत नव्हता. इम्माही नाही.

"म्हणजे पोझ्झुओलीत," ती म्हणाली.

नेल्लो दोरखंडाच्या वेटोळ्यावर मटकन बसला. मग सगळं बाहेर आलं. नोन्नो सकाळी बूट घालून रॅम्पवर येऊन उभे राहिले, "उशीर झाला का?" म्हणाले. नेल्लोला गंमत वाटली. त्याने आपलं जाकीट त्यांच्या अंगावर चढवलं, म्हटलं, काका, आज तुम्हीच घ्या गाड्या. आणि स्वतः वर जाऊन मैत्रिणीशी फोनवर बोलत बसला. "इतके खूश होते गं ते! मला वाटलं, घरचं कुणीतरी असेल बरोबर. पोझ्झुओलीला मी कॉफी प्यायला उतरलो, परत आलो तर ते नव्हते. बोट सुटायची वेळ झाली होती. मग फोन आला... मी घाबरलो. नोकरी जाईल माझी."

"तिकडे मामा त्यांचं प्रेत शोधतोय!" इम्मा ओरडली. प्रेत हा शब्द तिने तोपर्यंत मनातसुद्धा उच्चारला नव्हता.

मग सगळं घाईघाईने झालं. फिलोमेनामावशीने टेम्पो तिथेच सोडला आणि आपल्या त्या आवाजात मिशीवाल्या साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी पलीकडे फोन लावला. दोरा आईला सांगायला हॉटेलकडे पळाली. बोट परत सुटणारच होती. इम्मा, बियाजो आणि मावशी तिच्यावर चढली, आणि नेल्लोही, मान खाली घालून.

रोजची फेरी. इम्मा जन्मल्यापासून या बोटीने जात होती. पण त्या दिवशी पाणी संपेना. मागे बेटाच्या किनाऱ्याशी होड्या अजून गोल गोल फिरत होत्या, त्यांना खबर पोचायची होती. उन्हात डोळे दिपत होते. नोन्नोंनी टोपी घातली होती का? पाणी प्यायले असतील का? पोझ्झुओलीत गाड्या किती जोरात जातात!

"तुझ्या नोन्नोंनी एकदा माझा कान पिरगाळला होता," बियाजो म्हणाला. "दोर ओला असताना त्यावर बसलो म्हणून. अजून दुखतो कधीकधी."

इम्माने त्याच्याकडे पाहिलं.

"म्हणजे ते काही असे सहजासहजी हरवणारे नाहीत, एवढंच म्हणायचं होतं," तो ओशाळून म्हणाला. "नीट जमलं नाही."

पोझ्झुओलीच्या धक्क्यावर दोन पोलीस उभे होते. स्टेशन पाहिलं, दवाखाना पाहिला, बाजार पाहिला, नारिंगी जाकिटातला म्हातारा कुठेच नाही, असं ते म्हणाले. आता गाडीने महामार्गाच्या बाजूला बघणार होते.

"ते महामार्गावर कशाला जातील?" बियाजो म्हणाला. "कामावर आलेला माणूस काम झालं की काय करतो?"

"घरी जातो," इम्मा म्हणाली.

"घरी कसा जाईल?"

"बोटीने. पण बोट तर इथे होती! इथूनच..." ती थबकली. रॅम्पवरची जागा नोन्नोंना आठवली होती. पण ते तरुण होते तेव्हा कामावरून घरी कुठून जात? जेवताना हजारदा सांगितलेली गोष्ट! आतल्या जुन्या गोदीतून. शेवटच्या फेरीनंतर मोठी बोट इथेच मुक्कामाला असायची, आणि तिथून मासेमारांची छोटी होडी खलाशांना बेटावर सोडायची. "मावशी, जुनी गोदी कुठाय?"

"तिथे काय आहे आता? चिखल!" मावशी धक्क्यामागे हात दाखवत म्हणाली. पण तोवर इम्मा पळतसुद्धा सुटली होती.

जमिनीखालच्या ज्वालामुखीमुळे पोझ्झुओलीची जमीन गेली काही वर्षं हळूहळू वर उचलली जात होती. भिंतींना तडे गेले होते, धक्के उंच झाले होते, आणि जुन्या गोदीतलं पाणी निघून गेलं होतं. तिथल्या होड्या काळ्या चिखलात कलंडून पडल्या होत्या, झोपलेल्या गुरांसारख्या. दोर अजून बांधलेलेच होते.

त्यातल्या एका निळ्या होडीत, भर उन्हात, एक नारिंगी ठिपका बसला होता.

"नोन्नो!"

इम्मा शिडी उतरून चिखलातून धावली. पाय घोट्यापर्यंत रुतत होते. नोन्नोंचे ओठ सुकले होते, कपाळ लालबुंद झालं होतं. पण ते ताठ बसले होते, एक हात सुकाणूवर.

"नोन्नो, चला! घरी चला!" तिने त्यांचा दंड धरला.

त्यांनी तो झटकला. "सोड! कोण तू? पाणी चढलं की निघायचंय. होडी सोडून जाऊ नये."

"मी इम्मा! तुमची इम्मा!"

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. एखाद्या परक्या गावच्या पाटीकडे बघावं तसं. वर काठावर माणसं जमू लागली होती, नेल्लो आणि पोलीस शिडीकडे येत होते. नोन्नोंची नजर भेदरली. त्यांनी सुकाणू आणखी घट्ट धरलं. "कोण आहेत ते? काय पाहिजे त्यांना?"

इम्माने मागे वळून हात वर केला. थांबा! नेल्लो थांबला. पोलीसही थांबले. बियाजोने आपली पाण्याची बाटली तिच्याकडे फेकली आणि शिडीच्या तोंडाशी आडवा उभा राहिला. "एकानेही नाही, कुणीच जायचं नाही!" त्याने जाहीर केलं.

इम्मा होडीच्या काठावर बसली. तिला रडू येत होतं, ते तिने गिळलं. बाटली नोन्नोंपुढे धरली. ते घटाघट प्यायले.

"पाणी कधी चढेल?" तिने विचारलं.

"चढेल. दक्षिणेचा वारा सुटला की चढेल."

"मला पण प्रोचिदाला जायचंय," ती म्हणाली. "पण मी एकटी आहे. मला भीती वाटते."

ती खोटं बोलत नव्हती. कदाचित म्हणूनच नोन्नोंनी मान वळवली.

"एकटी? एवढीशी पोर आणि एकटी?" त्यांच्या भुवया जवळ आल्या. "तुला कुणी सोडलं असं?"

"मीच आले. आता कसं जायचं कळत नाही."

नोन्नोंनी चिखलाकडे पाहिलं. मग त्यांनी सुकाणूवरचा हात काढला. "ही होडी आज नाही निघायची," ते पुटपुटले. "चल. मोठ्या बोटीने नेतो तुला. माझा हात धर. सोडायचा नाही, समजलं?"

"नाही सोडणार," इम्मा म्हणाली.

परतीच्या बोटीवर मावशीने आपला ओला रुमाल नोन्नोंच्या डोक्यावर ठेवला, नेल्लोने सावलीतली खुर्ची आणून दिली. कप्तान खाली येऊन टोपी काढून उभे राहिले. नोन्नो इम्माचा हात धरूनच होते.

"नाव काय तुझं?"

"इम्मा."

"माझ्या नातीचं नाव पण इम्मा. पण ती अगदी लहान आहे. एवढुशी."

"कशी आहे ती?"

"हट्टी," नोन्नो म्हणाले. "कुठेही निघालो की मागे मागे येते."

इम्मा समुद्राकडे बघू लागली. बियाजोही.

धक्क्यावर अख्खं बेट उभं होतं. होड्या परत आल्या होत्या, पाणबुड्यांच्या अंगावरून अजून पाणी निथळत होतं. नोन्नो रॅम्पवर दिसले आणि एकच गलका झाला. दोरा उड्या मारत होती. रोक्कोमामा पुढे आला. तो खाली वाकून वडिलांच्या पायांतले स्वतःचेच बूट बघत राहिला.

मिशीवाल्या साहेबांनी मुलांसमोर येऊन टोपी काढली. "आम्ही सगळ्यांनी एकच प्रश्न विचारला आणि तोही चुकीचा," ते म्हणाले. "तुम्ही तिघांनी बरोबर विचारला. मी तुमचं ऐकायला हवं होतं. शाबास!"

"लेखी द्याल का?" बियाजोने विचारलं. दोराने त्याला ढोसलं. आणि त्या दिवशी पहिल्यांदाच लोक हसले.

नोन्नोंना यातलं काही ऐकू गेलं नसावं. ते गर्दीतून वाट काढत इम्माला घेऊन चालले होते, प्रत्येक चेहऱ्याकडे निरखून बघत. हॉटेलचा पांढरा एप्रन तसाच अंगावर असलेल्या, डोळे सुजलेल्या एका बाईसमोर ते थांबले.

"बाई, ही तुमची का?"

इम्माच्या आईने ओठ घट्ट मिटले. मग मान हलवली. "हो, माझीच."

"पोझ्झुओलीला भेटली. एकटी होती. लक्ष ठेवत जा जरा!" नोन्नो दरडावून म्हणाले, आणि आजूबाजूची मोठी माणसं आपापल्या पायांकडे बघू लागली. मग त्यांचा आवाज मऊ झाला. "पण पोरगी गुणी आहे. घाबरली होती, तरी रडली नाही."

त्यांनी इम्माचा हात तिच्या आईच्या हातात दिला. स्वतःचा काढून घ्यायला मात्र ते विसरले. मग तिघं तशीच, हात न सोडता, घराच्या चढणीला लागली.